मागतो म्हणून ऐक

मळीचा वास! गोड म्हणावा तर आंबूस, आंबूस म्हणावा तर कुठेतरी करपलेल्या गुळाची आठवण जागवणारा, थंडीच्या सकाळी धुक्याबरोबर जमिनीलगत सरपटत येऊन उंबऱ्यापाशी ठाण मांडून बसणारा तो वास ज्याने घेतला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. माझं माहेर सोमेश्वरनगरचं. वडील साखर कारखान्यात नोकरीला. दिवाळी सरली, भोंगा वाजला, उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली, की हा वास आमच्या घरी मुक्कामाला यायचा तो होळीपर्यंत हलायचा नाही. पुण्याची मावशी आली की एस.टी.तून उतरल्या उतरल्या पदर नाकाला लावायची. "अगं बाई, कसला हा वास! राहता तरी कसे गं तुम्ही?" आणि आम्ही भावंडं इकडेतिकडे हुंगून अगदी भाबडेपणाने विचारायचो, "कसला वास, मावशी?" नाटक नव्हतं हो ते. आम्हाला तो खरंच येत नसे. वास कुठेच गेलेला नव्हता, गेली होती ती आमची नाकं.

आज हे सगळं का आठवत बसले आहे मी? कारण या हिवाळ्यात मला कळून चुकलं की नाकाचं जे होतं तेच जिभेचं होतं, आणि जिभेचं जे होतं तेच हळूहळू आत्म्याचंही होतं. आणि होतं ते इतक्या सुखाने, इतक्या बिनबोभाट, की माणसाला वाटावं आपलं सारं कसं छान चाललं आहे! दुःखाने माणूस देवाला विसरतो असं म्हणतात. मला नाही पटत. दुःखात निदान भांडायला तरी तो लागतो. सुखवस्तू सवयीत मात्र तो भिंतीवरच्या घड्याळासारखा होऊन जातो. ते आहे म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि बंद पडलं तरी आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

मी एस्तेर. बारामतीच्या एका शाळेत हयातभर मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझी खरी ख्याती वेगळीच. प्रार्थना करावी तर एस्तेरबाईंनी! बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, नव्या घराची वास्तू असो की कुणाच्या लेकराची दहावी, माझ्याकडे नजरा वळायच्या. "हे करुणासागरा, हे परमपवित्र स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणकमलांशी आम्ही लीन होतो" अशी मी सुरुवात केली की बायका पदर सावरून माना डोलवायच्या. आवाजाला हवा तिथे कंप, हवा तिथे विराम, आणि शेवटी तो आमचा सगळ्यांचा ठरलेला समारोप: "प्रभू येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक, आमेन." आमेन म्हणून डोळे उघडले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय बाई तुमची भाषा! ऐकत राहावंसं वाटतं." आणि मी संकोचल्यासारखं करायची. आतून मात्र मोराने पिसारा फुलवावा तशी फुलायची. कशाला लपवू?

ढोंग करत होते का मी? छे! ढोंग करणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. रविवारी देवळात (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो) आमचा बाक ठरलेला, त्या बाकावरचा पंख्याखालचा कोपरा ठरलेला. पापांगीकार करताना मनात रश्शाचं वाटण, गीत गाताना समोरच्या बाईच्या साडीचा काठ, प्रवचनात आमच्या यांची डुलकी, आणि प्रभुभोजन घेऊन परतताना चपला कुठे काढल्या त्याची काळजी. अंतःकरण निवांत होतं. त्या निवांतपणाला मी शांती म्हणत होते! शांती आणि सुस्ती यांच्यात फरक तरी किती? दोन्हींत माणूस हलत नाही. लांबून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. जवळून बघायला जातो कोण?

माझ्याकडे जवळून बघणारं एक माणूस होतं, आणि तेच मला नको असायचं. माझ्या थोरल्या नणंदबाई, रूथवन्सं. राहणार बावड्याच्या. नवऱ्यामागे शेती त्यांनीच सांभाळली, मुलगा शामू हाताशी येईपर्यंत. तोंडाने तिखट, हाताने सढळ, आणि देवळाच्या बाबतीत म्हणाल तर नाताळ आणि ईस्टर, तेही गेल्या तर. लग्न होऊन मी घरात आले त्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा करून टाकली. "नाव इस्तर, पण हाय नुसता इस्तव," असं साऱ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या. इस्तव म्हणजे विस्तव! तेव्हापासून आमचं जे जुंपलं ते आजतागायत. माझ्या नाताळच्या करंज्यांना त्यांनी दगड म्हणायचं, मी त्यांच्या रश्शाला तिखटाचं पाणी म्हणायचं. मी शुद्ध बोलले की त्यांनी कपाळाला हात लावायचा. "शाळंत बी बाई, घरात बी बाई! हिच्या नवऱ्याला सुट्टी कवा मिळायची?" यांच्या बहीण म्हणून मी अहोजाहो करायची, पण अहोजाहो करूनही किती कडाडून भांडता येतं हे माझ्याकडून शिकावं.

नाताळ नुकताच झाला होता. शामूचा फोन आला. वन्संच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं, तेही बारामतीतच. गाठ कसली आहे ते पोट उघडल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "आन् मामी, आईनं सांगितलंय, तुमाला पार्थनेला बोलीवलंय. दुसरं कुणी नको म्हनली." मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर सुखावल्यासारखंही झालं. शेवटी शरण आल्या म्हणायच्या! आमच्या महिला मंडळाच्या दोघीतिघींना बरोबर घेतलं, यांनी गाडी काढली, आणि इंदापूरवरून बावड्याला निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. वाटेत मी मनातल्या मनात प्रार्थनेची जुळवाजुळव करत होते. 'आरोग्यदात्या' हा शब्द बरा की 'परमवैद्या'? असल्या विचारात मी होते, आणि तिकडे एक बाई पोटात गाठ घेऊन माझी वाट बघत होती.

वन्सं खाटेवर बसल्या होत्या. इतक्या लहान कधी दिसल्या नव्हत्या. चेहऱ्यावर तो नेहमीचा तिखटपणा नाही, मला एक टोमणा नाही. सून करुणा चहा टाकायला उठली तर तिला म्हणाल्या, "च्या मागनं. आधी पार्थना." सगळे उभे राहिलो. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. करुणासागर झाला, चरणकमल झाले, परमवैद्यही झाला. आवाज लागला होता. शब्दामागून शब्द येत होते, उतारावरच्या गाडीसारखे, आणि गाडी उतारावर असली की इंजिन बंद केलं तरी पळते! "तुझे उपकार मानतो. आमच्यापुढे वाढलेल्या या अन्नाला आशीर्वाद दे, ज्या हातांनी ते तयार केलं त्या हातांना आशीर्वादित कर, यातून आमच्या शरीरांचं पोषण होऊ दे, प्रभू येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक, आमेन." आणि सगळे म्हणाले, "आमेन."

सगळे, म्हणजे खरोखरच सगळे! आमचे हे, शामू, करुणा, मंडळाच्या बायका. कुणाला काही खटकलं नाही. मला तर नाहीच नाही. मी डोळे पुसायला पदरसुद्धा हातात घेतला होता. फक्त खाटेवरून आमेन आलं नाही. वन्सं टक लावून माझ्याकडे बघत होत्या. "आगं ये इस्तर," त्या म्हणाल्या, "अन्न कुठं हाय हितं? का मलाच ताटात वाढून ठिवलंय?"

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. मीही हसले, तोंड लपवत. वन्सं हसल्या नाहीत. "माझ्यासाठी मागाया आलीवतीस न्हवं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला भ्या वाटतंय गं. मला त्ये शुद्ध बोलाया येत न्हाय तुझ्यावानी, न्हायतर मीच बोलले नसते का देवाशी? म्हनून तुला बोलीवलं. आता माग की."

मी डोळे मिटले. आणि काहीही आलं नाही. एक शब्द नाही! हयातभर व्याकरण शिकवलेली बाई मी, कर्ता सापडेना, क्रियापद सापडेना. आमच्या यांनी ते ओळखलं आणि घाईघाईने लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी ती एका सुरात म्हटली, मग चहा झाला. मी कपात बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? चुकून जीभ घसरली. मलाही परतीच्या वाटेवर हे हेच म्हणाले. पण जीभ घसरली नव्हती हो, जीभ अगदी रोजच्या रुळावर होती! घसरली असती तर बरं झालं असतं. शिवाय ती चूक सोडा, त्याहून मोठी गोष्ट मला कुरतडत होती. माझी प्रार्थना ऐकून ऐकून त्या बाईची समजूत झाली होती की देवाला शुद्ध मराठीच कळतं! मी लोकांना देवापाशी नेते असं मला वाटायचं. इथे तर मी दारात उभी राहून वाट अडवली होती, तीसुद्धा चरणकमलांची रांगोळी घालून. ज्या येशूने कोळ्यांशी, विहिरीवरच्या बाईशी बोलावं, त्याच्याशी बोलायला बावड्याच्या बाईला दुभाषी लागावा? आणि तो दुभाषी मी?

गाडीच्या खिडकीतून उसाची रानं पळत होती, आणि माझं मन असं सैरभैर. आमच्याकडे उसाची लागण एकदाच करतात. पहिलं पीक तोडून नेलं की जमिनीतल्या बुडख्यांना पुन्हा कोंब फुटतात, तो खोडवा. तोही तोडला की आणखी एकदा फुटतात, तो निडवा. बेणं नको, नांगरट नको, बसल्या जागी पीक! बांधावरून बघाल तर तेवढंच हिरवंगार, वाऱ्यावर तसंच सळसळतं. आत शिरून कांडं हातात धरलं की मग कळतं, बोटाएवढं झालंय. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने बोलणं टाकलं, आजीचं माहेर तुटलं. त्यांनी लागण केली ती अशी, खडकात. वडिलांनी खोडवा राखला, पाणी घालून, खत घालून. आणि मी? मी बांधावर खुर्ची टाकून सळसळ ऐकत बसले, माझीच शेती समजून.

पुढचे दिवस फार वाईट गेले. वाईट म्हणजे काय? कुणाला काही दिसत नव्हतं. स्वयंपाक होत होता, रविवार येत होता. पण मी जेवायला बसले की हे म्हणायचे, "कर प्रार्थना," आणि मी भाजी वाढायला घ्यायची. "तुम्हीच करा," म्हणून मी टाळायची. मंडळात माझी पाळी आली तेव्हा घसा बसल्याचं सांगितलं. उपास करून बघितला, तर दिवसभर साबुदाण्याशिवाय दुसरा विचार सुचला नाही. पहाटे उठून शास्त्र वाचायला घेतलं, तर सगळं इतकं पाठ की डोळे ओळीवरून नुसते घसरत जायचे. पाळकसाहेबांना विचारलं. भला माणूस. म्हणाले, "बाई, असा कोरडा काळ येतो प्रत्येकाला. जाईल." जाईल! म्हणजे काय होईल? पुन्हा करुणासागर सुरू होईल? त्यांचा नव्हे, पण त्या 'जाईल'चा मला असा संताप आला की घरी येऊन भांडी आपटली.

आणि त्या संतापाच्या तळाशी एक भीती होती, ती आता स्पष्टच सांगते. इतकी वर्षं मी बोलत होते, ते कुणाशी? 'मागतो म्हणून ऐक' असं देवाला जरबेने बजावून मी दर वेळी डोळे उघडून चालू पडत होते. ऐक म्हणायचं आणि उठायचं! त्याने ऐकलं की नाही, काही म्हटलं की नाही, हे बघायला कधी क्षणभर थांबले होते का? शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला गेले तरी ती आणून देईपर्यंत दारात उभी राहते मी. मग इथेच का नाही थांबले? तिथे दार उघडणारं कुणी आहे, असं मला मुळात वाटतच नव्हतं म्हणून? या प्रश्नाने माझी झोप उडवली. आणि वन्संचं ऑपरेशन जवळ येत होतं. त्यांना द्यायला माझ्यापाशी काही नव्हतं, आणि उसनं आता मला द्यायचं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेले. हिरवा झगा घातलेल्या वन्सं, हातात सुई, केस टोपीत बांधलेले. शामू आणि हे बाहेर कागदांवर सह्या करत होते. मला बघून त्या म्हणाल्या, "आलीस? माग आता. लवकर. न्ह्याया येतील."

"वन्सं, मला येत नाही," मी म्हणाले. असं वाक्य मी त्यांच्यापुढे जन्मात उच्चारलं नव्हतं.

"येत न्हाय म्हंजी?"

"शब्दच येत नाहीत. त्या दिवसापासून."

मग एकदम जुन्या वन्सं जाग्या झाल्या. "माझ्याशी भांडताना बरं सापडत्यात गं शब्द? तवा घसा बसत न्हाय व्हय? मला मरायचं न्हाय इस्तर, आन् ही उभी ऱ्हायली तोंड शिवून! सांग की त्याला! भांड की!"

असा राग आला मला! त्यांचा, माझा, त्याचा, सगळ्यांचा. डोळेही मिटले नाहीत. खाटेची दांडी धरली आणि म्हणाले, "देवा, ही बाई माझ्या डोक्याला ताप आहे. घरात आले त्या दिवसापासून हिने मला सुखाने बसू दिलेलं नाही. माझ्या करंज्यांना ही दगड म्हणते."

"दगडच हुत्या," वन्सं म्हणाल्या.

"बघ! आत्तासुद्धा मधे बोलते! तरी पण हिला नेऊ नकोस. मला तोंडावर खरं सांगणारं दुसरं कुणी नाही रे. बाकी सगळे माझी वाहवा करतात आणि मला ती गोड लागते. तू ऐकतोस का, मला माहीत नाही. इतकी वर्षं तुझ्याशी बोलले की भिंतीशी, तेही माहीत नाही. पण असशील तर आत्ता अस! इथे अस! हिला भीती वाटते. मलाही वाटते. असा गप्प काय बसतोस?"

आवाज चढला असावा, कारण परिचारिका धावतच आली. "अहो मावशी, भांडता काय? पेशंटचं बीपी वाढेल!"

"भांडत न्हाय सिस्टर," वन्सं म्हणाल्या, "पार्थना चाललीया. हिचं असंच असतंय." पलीकडच्या खाटेवर एका मुसलमान कुटुंबातली म्हातारी आजी होती. ती एवढा वेळ निमूटपणे ऐकत होती. तिने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि हळूच म्हणाली, "आमीन." मग वन्सं म्हणाल्या, "आमेन." मी म्हणायच्या आत त्यांची खाट हलली. आयुष्यात प्रथमच मी त्यांचा एकेरीत उल्लेख केला होता, आणि तोही देवापुढे, हे त्या दाराआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मग बाहेरच्या बाकावर बसून राहिले. 'ऐक' म्हणायचंही राहून गेलं होतं, म्हणून उठताही येईना. काही ऐकू आलं का? खरं सांगते, काहीही नाही. ना वाणी, ना स्पर्श, ना अंगावर काटा. पंख्याचा आवाज, कुणाच्या तरी फोनची गाणी, चहावाल्याच्या किटलीचं झाकण. पण या वेळी मी दारात उभी होते. साखर मिळो न मिळो, शेजारणीच्या दारात आपण उभे आहोत आणि आत कुणीतरी आहे, एवढं अंधुक कळावं, तसं काहीसं. याहून जास्त सांगितलं तर पुन्हा ती करुणासागराची भाषा सुरू होईल, म्हणून इथेच थांबते.

गाठ निघाली. ती बरी नव्हती, पण वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले. पुढे औषधं आहेत, खेटे आहेत. नेऊ नकोस म्हणून मी भांडले, तर त्याने नेलं नाही, पण सोपंही केलं नाही. याचा अर्थ काय लावायचा? मला नाही लावता येत.

काही दिवसांनी त्यांना पहिल्यांदा जेवण द्यायला परवानगी मिळाली. करुणाने घरून मऊ भात आणि वरणाचं पाणी आणलं होतं. ताट समोर आलं, वाफ निघत होती. वन्संनी घासाला हात घातला आणि मग थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हन."

"काय म्हणू?"

"ती तुझी ताटाची पार्थना. तवा ताट नव्हतं. आता आलंय. म्हन."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा करत होत्या की नव्हत्या, कुणास ठाऊक! मी सुरू केलं. "स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानतो. आमच्यापुढे वाढलेल्या या अन्नाला..." आणि पुढे जाता येईना. अन्न! समोर होतं की ते. मऊ भात, ज्यासाठी एक बाई पोट चिरून घेऊन परत आली होती. 'आमच्यापुढे', 'या', 'अन्न': लहानपणापासून दिवसातून दोनदा म्हटलेले हे शब्द, आणि त्यांना अर्थ होता! ज्या हातांनी ते तयार केलं ती करुणा बावड्याहून पहाटे निघून डबा मांडीवर घेऊन आली होती आणि समोर पेंगत होती. जुने शब्द खोटे नव्हतेच कधी. त्यांच्यात मी नव्हते. मला रडू फुटलं, ते आवरेना.

मग भाताच्या ताटाकडे बघत, डोळे न मिटता वन्संच म्हणाल्या, "देवा, भात मऊ झालाय. मीठ जरा कमी हाय, पर चालंल. हिला गप कर. तुझं लई उपकार. आमेन." शुद्ध नव्हतं त्यात काही. दुभाषी तर नव्हताच.

इथे संपवलं असतं तर गोष्ट किती छान झाली असती! पण संपली नाही. पुढच्या मंडळाच्या बैठकीत मी साधी प्रार्थना केली, भांडल्यासारखी, मोकळी. बायकांचे डोळे पाणावले. "काय बाई, किती मनापासून!" एकजण म्हणाली. मला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या बैठकीत मी बरोबर त्याच जागी आवाज चढवला, त्याच जागी 'असा गप्प काय बसतोस' म्हटलं, आणि माझं मलाच चर्र झालं. लबाड जात! भांडणाचासुद्धा निडवा करायला निघाली! म्हणजे एकदा नांगरून भागत नाही तर. दर हंगामाला खोडक्या उपसायच्या, दर हंगामाला नव्याने लागण. हे कळल्यापासून मी सुखात नाही. पण देवाशप्पथ, त्या जुन्या निवांतपणाकडे परत जायचं नाही मला.

परवा वन्संना बावड्याला सोडून परत येत होतो. निघताना त्यांनी मी दिलेल्या करंज्यांचा रिकामा डबा परत दिला, म्हणाल्या, "दगड हायती, पर खाल्ल्या." संध्याकाळ होत आली होती. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे आमची गाडी रेंगाळत चालली होती, आणि कुठल्याशा कारखान्याच्या बाजूने वारं फिरलं. मळीचा वास! आंबूस, गोड, करपट, नाकात शिरून थेट टाळूला भिडणारा. किती वर्षांनी आला! मावशीसारखा पदर नाकाला लावावासा वाटला, इतका उग्र. मी काच आणखी खाली केली.

"काच का उघडलीस? गारठा आहे," हे म्हणाले.

"वास येतोय."

त्यांनी जरासं हुंगून बघितलं आणि भाबडेपणाने विचारलं, "कसला वास?"

उद्यापरवा तो मलाही येईनासा होईल, हे मला ठाऊक होतं. तेवढ्या वाऱ्यात, ट्रॉलीच्या मागे, मी हळूच म्हटलं, "देवा, मला हा येत राहू दे. प्रभू येशूच्या नावाने मागते म्हणून ऐक." आणि पुढचा शब्द ओठांवर आला तो मी तसाच धरून ठेवला. आमेन अजून म्हटलेलं नाही.